तडा का जातो? घनपदार्थांच्या अभ्यासातील संधी

मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने घनपदार्थ यामिकी आणि द्रव्यविज्ञान या विषयांवर लेखणी उचलावी, हे काहींना अनुचित वाटेल. परंतु व्याख्यानाच्या निमित्ताने भेटणाऱ्या पालकांशी बोलताना मला जाणवते की, संगणकाखेरीज अभियांत्रिकीत काही उरलेच नाही अशी त्यांची ठाम समजूत झाली आहे. निदान हैदराबादेत तरी ती टिकू नये.

प्रथम नावांविषयी. ‘मटेरिअल्स सायन्स’ला पदार्थविज्ञान म्हणता येत नाही, कारण तो शब्द मराठीने फिजिक्सला केव्हाच देऊन टाकला आहे. म्हणून द्रव्यविज्ञान. द्रव्याची अंतर्गत घडण कशी आहे, तिच्यात दोष कोणते आणि त्यामुळे गुणधर्म कसे पालटतात, हे ते पाहते. घनपदार्थ यामिकीचा प्रश्न वेगळा : भार आला असता वस्तूत प्रतिबल किती, विकृती किती, आणि ती मोडेल कोठे? तडा समजून घ्यावयाचा तर दोन्ही शास्त्रे लागतात.

ग्रिफिथ या ब्रिटिश अभियंत्याने 1921 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात काचेचा विचार केला. अणूंमधील आकर्षणावरून हिशेब मांडला तर काच जेवढी बळकट असावयास हवी, त्याच्या अल्पांशानेच ती असते. कारण तिच्यातील सूक्ष्म भेगा. भेग वाढली की काचेत साठलेली ऊर्जा मोकळी होते. उलट नवा पृष्ठभाग निर्माण होण्यास ऊर्जा खर्चावी लागते. मिळकत खर्चाहून वरचढ झाली की भेग आपोआप धावत सुटते. धातूंना हा हिशेब जसाच्या तसा लागू पडत नाही, कारण भेगेच्या टोकाशी धातू आकार बदलून पुष्कळ ऊर्जा गिळतो. अर्विन आदी संशोधकांनी त्याचा हिशेब पुढे घातला.

जानेवारी आणि एप्रिल 1954 मध्ये ‘कॉमेट’ जातीची दोन प्रवासी विमाने भूमध्य समुद्रात कोसळली. फार्नबरो येथे तसेच एक विमान पाण्याच्या टाकीत ठेवून आतील दाब पुनःपुन्हा चढविला-उतरविला गेला. छेदाच्या कोपऱ्याशी प्रतिबल एकवटून धातूला शीण आला होता, असे निष्पन्न झाले. शीण! एकदा सहज पेललेला भारच सहस्रावधी आवर्तनांनी धातूला मोडतो. याहून नेमका शब्द मला सुचत नाही.

या विद्येचे आपल्या परिसराशी जुने नाते आहे. निजामाबाद जिल्ह्यातील कोनसमुद्रम् येथे प्रसिद्ध ‘वुट्झ’ पोलाद मुशीत तयार होई; अशाच भारतीय पोलादाचा अभ्यास एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मायकेल फॅरेडेने केला. आज कांचनबागेत संरक्षण धातुविज्ञान संशोधन प्रयोगशाळा आणि ‘मिधानी’ (स्थापना 1973) शेजारी आहेत. अग्निबाणाच्या इंजिनाच्या आवरणाचे मॅरेजिंग पोलाद ‘मिधानी’त बनते. न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये अणुइंधनाच्या झिर्कोनिअम मिश्रधातूंच्या नळ्या तयार होतात. चूर्ण धातुविज्ञानासाठी ‘ए.आर.सी.आय.’, शिक्षणासाठी हैदराबाद विद्यापीठ आणि आय.आय.टी. आहेतच.

मार्ग कोणता? यंत्र, स्थापत्य, धातुविज्ञान वा भौतिकीची पदवी. त्यानंतर ‘गेट’ परीक्षा. गेटच्या गुणांवर पदव्युत्तर प्रवेश मिळतो आणि भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रशिक्षण विद्यालयाची वाटही खुली होते. 1 जानेवारी 2023 पासून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती दरमहा 37,000 रुपये आहे. ही रक्कम संगणक कंपन्यांतील चांगल्या वेतनापुढे कमी वाटेल, आणि पीएच्.डी.ला पाचेक वर्षे सहज जातात. घरावर कर्जाचा भार असेल तर हा हिशेब आधी मांडावा. सरकारी प्रयोगशाळांतील जागाही दरवर्षी सारख्या निघत नाहीत. खाजगी क्षेत्रात मात्र विमानांचे भाग, मोटारी, टर्बाईनची पाती, विजेऱ्या, कृत्रिम सांधे, धातूची त्रिमिती छपाई यांसाठी अशी माणसे लागतात. फायनाइट एलिमेंट पद्धतीने प्रतिबलांची गणना करणाऱ्याला तर संगणकाचा सहवास चुकत नाही! केवळ आज्ञावली चालविणारे पुष्कळ असतात. उत्तर चुकले आहे हे ओळखणारे थोडे, आणि त्यांना मागणी असते.

मराठी माध्यमातील मुलांना इंग्रजी परिभाषेची धास्ती वाटते. याच शहरात 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने शास्त्रे उर्दूतून शिकविली, त्यासाठी हजारो संज्ञा घडविल्या. आपल्यापाशी विश्वकोशातील धातूंवरील नोंदी आहेत, आणि त्या आता संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. दहावीच्या सुट्टीत एवढ्या वाचून झाल्या, तर अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाचे इंग्रजी पुस्तक उघडताना निदान ‘स्ट्रेस’ आणि ‘स्ट्रेन’ यांतला भेद नव्याने शिकावा लागणार नाही.