आधी काटा, मग पाटा

सकाळी 7. वागळे इस्टेटचा वजनकाटा. डंपरांची रांग लागायच्या आत पोचलं तर पाच मिनिटांत मोकळं होता येतं. आजची गाडी डोंबिवलीच्या एका जोडप्याची थार, 2020 साली आलेल्या नव्या बनावटीची. पंधरा दिवसांनी स्पितीला निघायचंय. टाकी फुल, दोघं आत बसलेली, सामान जसं जाणार तसंच भरलेलं. आधी नुसती पुढची चाकं काट्यावर, मग अख्खी गाडी. वजाबाकी केली की मागच्या एक्सलचा भार कळतो. काटेवाल्याने खिडकीतून डोकावून विचारलं, "शेठ, खडी कुठंय?"

8.30. वर्तकनगरला परत, शटर वर. चहा येईपर्यंत पोरगा टेप घेऊन चारी कोपरे मोजतो: हबच्या मध्यापासून वर फेंडरच्या कडेपर्यंत. मागची बाजू चांगलीच बसलीय, त्यातही डावीकडे बोटभर जास्त. कारण डिकी उघडताच दिसलं. फ्रिज डावीकडे, त्याची जादा बॅटरीही डावीकडेच, आणि वर पाण्याचा 20 लिटरचा कॅन.

9. सामान खाली. माझ्या मते सस्पेन्शनचं अर्धं काम हेच, आणि गिऱ्हाइकाला ते अजिबात आवडत नाही. ताडपत्री अंथरून एकेक वस्तू तराजूवर ठेवायची, आकडा खडूने तिच्यावरच लिहायचा. छपरावरचा तंबू 60 किलो. मागच्या दारापलीकडच्या रॅकवर डिझेलचे दोन कॅन आणि हत्यारांची पेटी, मिळून तेवढेच 60. पण हे 60 त्या 60 सारखे नाहीत. रॅक मागच्या एक्सलच्या मागे साधारण मीटरभर आहे आणि थारचा व्हीलबेस 2450 मिलिमीटर. तरफेचा हिशेब शाळेतलाच: मागच्या चाकांवर 84 किलो पडतात आणि पुढच्या चाकांवरून 24 उचलले जातात. म्हणून स्टिअरिंग तरंगतं आणि दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जातात.

"काका, दोन इंची स्पेसर टाकला तर? सगळे तेच टाकतात."

"ताई, स्पेसरने बसलेली गाडी वर दिसेल. स्प्रिंग आहे तेवढीच मऊ राहील. खड्ड्यात आपटायची ती आपटेलच."

समजा, एक स्प्रिंग मिलिमीटरला तीन किलो घेते. मागच्या दोन स्प्रिंगवर मिळून 150 किलो जादा टाकले तर गाडी 25 मिलिमीटर खाली जाणार, म्हणजे चाकाला वर यायला जी जागा होती त्यातला इंच रस्त्याला लागायच्या आधीच खर्च झाला. मग पहिल्या मोठ्या खड्ड्यात एक्सल बंप स्टॉपवर जाऊन धडकतो.

डिझेलच्या कॅनवर जरा वाद झाला. साहेबांना 'सेफ्टी' हवी होती. म्हटलं, टाकी 57 लिटरची, काझाला पंप आहे, वाटेत रिकाँग पिओला किंवा मनालीला टाकी भरून घ्या. कॅन उतरले. हत्यारांची पेटी आत, पुढच्या सीटच्या मागे, तळाशी. पाणीही तिथेच, उजवीकडे. तंबूवर मात्र दोघंही अडून बसले. स्प्रिंगला छपरावरचे 60 किलो 60 च असतात, पण घाटातल्या वळणावर गाडी किती झुकेल ते उंची ठरवते. एवढं सांगून मी गप्प बसलो. हौसेला मोल नसतं.

11.30. मुरबाडहून दुधाची बोलेरो. "दादा, एक पाटा वाढवा." इथे मी हो म्हणतो. हा माणूस रोज कॅन भरूनच चढ चढतो. जादा वजन त्याच्या धंद्यातलंच आहे. फक्त जाडी बघून. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो: 6 मिलिमीटरच्या जागी 7 चा घातला की तो पाटा जवळजवळ साठ टक्के कडक होतो. मिलिमीटरभराने काय होतंय म्हणणाऱ्याची गाडी रिकामी परत येताना बैलगाडीसारखी हाणते. जुडी सोडली तर पाटे गंजून एकमेकांना चिकटलेले, खालच्याचं टोक घासून वरच्यात नखभर खाच पडलेली. तिथूनच पाटा तुटतो. यू-बोल्ट नवेच घातले. जुन्यांचे आटे ताणलेले असतात. बुशचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उतरवल्यावर आवळायचे. घोडीवर असतानाच आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

1.30. डबा.

2.15. थारला मागे कडक स्प्रिंग, पण उरलेल्या वजनापुरत्याच. कायम अंगावर असणाऱ्या वजनासाठी स्प्रिंग निवडावी; वर्षातून एकदाच्या ओझ्यासाठी स्प्रिंगच्या आत बसणारी हवेची पिशवी पुरते, घरी आलं की हवा सोडून द्यायची. या दोघांचा फ्रिज, रॅक, तंबू वर्षभर गाडीवरच राहणार, म्हणून स्प्रिंग. सोबत शॉकअपही बदलले. स्प्रिंग कडक आणि शॉकअप जुने ठेवले तर दाबलेली स्प्रिंग उसळी मारते आणि ती धरायला कोणी नसतं.

पुढे लोखंडी गार्ड बसवाल का, असंही विचारून झालं. नाही. डिसेंबर 2017 मध्ये केंद्राने बुलबारवर बंदी आणली, आणि पुढच्या टोकाला नवं वजन टांगायचं असेल तर पुढच्या स्प्रिंगचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून.

4. सामान परत भरून चाचणी. पोखरण रोडचे स्पीडब्रेकर, मग उपवनवरून येऊरच्या फाटकापर्यंतचा चढ. ब्रेकरवरून उतरल्यावर गाडी एकदा खाली, एकदा वर आणि शांत झाली पाहिजे. तिसरा हेलकावा आला तर काम अपुरं. शेजारी साहेब, मागे मॅडम पाण्याचा कॅन धरून. हेलकावा दुसऱ्यातच संपला.

5.30. भिंतीवर दिवे मारून पाहिले, वजनाप्रमाणे हवा भरली, अलाइनमेंट करून घ्यायला पाठवलं. पाचशे किलोमीटरवर बोल्ट पुन्हा आवळून घ्यायला या, असं बजावलं. मॅडमनी मोबाइलवर नोंद केली आणि विचारलं, "काका, तंबू काढला तर याच स्प्रिंग कडक वाटतील का?"

"वाटतील थोड्या."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं.