सरोवर ट्राउट

सॅल्मॉनिडी मत्स्यकुलातील गोड्या पाण्यात राहणारा एक मोठा मासा. याचे शास्त्रीय नाव सॅल्व्हेलिनस नमेकुश असे असून त्यातील दुसरे पद कॅनडातील मूळ रहिवाशांच्या भाषांमधील या माशाच्या नावावरून आलेले आहे. नावात ट्राउट असले, तरी तो चॅर या गटात मोडतो. खऱ्या ट्राउटच्या फिकट अंगावर गडद ठिपके असतात, तर चॅरच्या गडद अंगावर फिकट ठिपके असतात. काश्मीर व निलगिरी येथील थंड प्रवाहांत बाहेरून आणून सोडलेले ट्राउट हे याहून वेगळे होत.

अलास्का, कॅनडा व अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा उत्तर भाग हे याचे मूळ वसतिस्थान होय. हिमयुगातील हिमस्तरांनी कोरलेल्या खोल, थंड व स्वच्छ सरोवरांत तो मुख्यतः आढळतो. शरीर लांबट, करडे किंवा हिरवट असून त्यावर पांढुरके ठिपके असतात. शेपटीचा पर खोलवर दुभागलेला असतो. गळाने पकडलेला सर्वांत मोठा नमुना कॅनडातील ग्रेट बेअर सरोवरात १९९५ मध्ये मिळाला; त्याचे वजन सु. ३२.६ किग्रॅ. होते. अथाबास्का सरोवरात १९६१ मध्ये जाळ्यात सु. ४६ किग्रॅ. वजनाचा मासा सापडला होता.

ऋतुमानानुसार स्थलांतर : या माशाला सु. १०° से. तापमानाचे व भरपूर ऑक्सिजन असलेले पाणी मानवते. त्यामुळे तो कोठे सापडेल, हे सरोवराच्या तापमानावरून ठरते. पाण्याची घनता ४° से. ला सर्वाधिक असते. वसंत ऋतूत बर्फ वितळल्यावर वरपासून तळापर्यंतचे पाणी जवळजवळ सारख्या तापमानाचे होऊन एकमेकांत मिसळते आणि मासे किनाऱ्याजवळ उथळ पाण्यात येतात. उन्हाळ्यात वर उबदार व हलका, तळाशी थंड व जड आणि मध्ये झपाट्याने तापमान उतरत जाणारा असे पाण्याचे तीन थर पडतात. तेव्हा मासे मधल्या थराच्या खाली उतरतात. शरद ऋतूत वरचे पाणी पुन्हा निवले, की ते विणीसाठी खडकाळ उथळ जागी येतात.

वीण व वाढ : वीण बहुधा रात्री होते. सॅमन किंवा खरे ट्राउट यांप्रमाणे मादी तळाशी खड्डा करीत नाही. अंडी दगडगोट्यांच्या फटींत पडतात व हिवाळाभर तेथेच राहून चार ते पाच महिन्यांनी फुटतात. फटी गाळाने बुजल्या, तर अंडी गुदमरतात.

थंड पाण्यात अन्न कमी असते व वाढ अतिशय मंद होते. दक्षिणेकडील सरोवरांत मासा सहा-सात वर्षांनी वयात येतो, तर दूर उत्तरेत त्याला दहा वर्षांहून अधिक काळ लागतो व तेथील माद्या दरवर्षी वीतही नाहीत. वीस-पंचवीस वर्षांचे मासे सामान्यपणे आढळतात. क्वचित साठ वर्षांपर्यंतचे नमुनेही मिळालेले आहेत. म्हणूनच मोठा मासा काढून घेतल्यास सरोवराला त्याची भरपाई करण्यास कित्येक दशके लागतात.

निरीक्षणाच्या पद्धती : माशाचे वय अंतर्कर्णातील चुनखडीच्या खड्यावरून (कर्णाश्मावरून) काढतात. झाडाच्या खोडाप्रमाणे या खड्यातही वर्षागणिक वलये उमटतात. पाण्यातील हालचाल पाहण्यासाठी प्रतिध्वनियंत्र वापरतात, तसेच माशाच्या शरीरात लहान ध्वनिप्रेषक बसवून त्याचा मार्ग, खोली व तापमान वर्षभर नोंदवितात. ऑन्टॅरिओ प्रांतातील प्रायोगिक सरोवर क्षेत्रात २२३ क्रमांकाचे सरोवर १९७६ पासून मुद्दाम थोडे थोडे आम्ल करण्यात आले. त्यात प्रौढ ट्राउट आम्लाने तडकाफडकी मेले नाहीत. त्यांचे भक्ष्य असलेले लहान मासे व कवचधारी प्राणी आधी नाहीसे झाले व ट्राउट उपासमारीने कृश होत गेले. त्यांची नवी पिढीही निपजेनाशी झाली.

मासेमारी : वसंत ऋतूत किनाऱ्यावरून किंवा नावेतून गळ टाकून हे मासे पकडतात. उन्हाळ्यात गळ खोल नेण्यासाठी तारेची दोरी किंवा शिशाचे वजन लावून तो संथ चालत्या नावेमागून ओढतात. हिवाळ्यात बर्फाला गिरमिटाने भोक पाडून त्यातून आमिष सोडतात व ते वर-खाली हलवीत राहतात. व्यापारी मासेमारीत माशाचे कल्ले अडकतील अशी उभी जाळी वापरतात. या माशाच्या वाताशयाची नळी अन्ननलिकेला जोडलेली असते. त्यामुळे वर ओढला जाताना तो तोंडावाटे वायू सोडू शकतो व खोल पाण्यातून काढलेला मासा सोडून दिल्यास पुष्कळदा जगतो. मात्र उन्हाळ्यात वरच्या उबदार पाण्यात फार वेळ धरून ठेवल्यास तो दगावतो.

पंचमहासरोवरांतील ऱ्हास : नायगारा धबधब्यामुळे अटलांटिकमधील सागरी लॅम्प्री हा परजीवी प्राणी पूर्वी वरच्या सरोवरांत पोहोचू शकत नव्हता. धबधब्याला वळसा घालणाऱ्या वेलंड कालव्याने ही वाट मोकळी झाली. लॅम्प्री १९२१ मध्ये ईअरी सरोवरात व १९३८ पर्यंत मिशिगन, ह्यूरन व सुपीरिअर या सरोवरांत आढळून आली. ती माशाला चिकटून त्याचे रक्त शोषते व विशेषतः मोठे मासे निवडते. मुळातच अतिरिक्त मासेमारीचा ताण असलेले ट्राउट त्यामुळे वीण होण्याआधीच मरू लागले. वरच्या सरोवरांतील वार्षिक उत्पादन सु. ६,८०० टनांवरून १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत सु. १४० टनांवर आले. मिशिगन सरोवरातून तर ही जाती १९५०–६० या दशकात नाहीशी झाली.

कॅनडा व अमेरिका यांनी १९५४ मध्ये करार करून मत्स्य आयोग स्थापन केला. सु. ६,००० रसायनांच्या चाचण्यांनंतर लॅम्प्रीच्या डिंभांना मारणारे व बहुतेक इतर माशांना फारशी इजा न करणारे एक द्रव्य सापडले. सुपीरिअरला मिळणाऱ्या नद्यांत ते १९५८ पासून सोडण्यात येऊ लागले. या सरोवरात मूळच्या ट्राउटचे काही कळप तग धरून होते. त्यांच्या जोडीला उबवणकेंद्रांतील पिले सोडण्यात आली व मासेमारीवर निर्बंध घालण्यात आले. सुपीरिअरच्या बहुतेक भागात ही जाती पूर्ववत झाल्याचे आयोगाने २०२४ मध्ये जाहीर केले. ऱ्हास वीस वर्षांत झाला होता. भरपाईला साठांहून अधिक वर्षे लागली. लॅम्प्रीचे नियंत्रण थांबविल्यास ती पुन्हा वाढेल, म्हणून ते सतत चालू ठेवावे लागते.

उपरा मासा म्हणून : मूळ क्षेत्राबाहेर हाच मासा उपद्रवी ठरतो. अमेरिकेतील यलोस्टोन सरोवरात तो १९९४ मध्ये आढळला. तेथील मूळचे कटथ्रोट ट्राउट त्याचे भक्ष्य झाले. कटथ्रोट विणीसाठी उथळ ओढ्यांत जातात व तेथे अस्वले आणि पक्षी त्यांवर जगतात. सरोवर ट्राउट खोल पाण्यातच राहत असल्याने त्या प्राण्यांचे अन्न कमी झाले. तेथून आतापर्यंत ४० लाखांहून अधिक सरोवर ट्राउट जाळ्यांनी काढण्यात आले आहेत.

संरक्षण : अनेक सरोवरांत दैनिक मर्यादा, विणीच्या काळात बंदी आणि ठराविक लांबीचे मासे सोडून देण्याची सक्ती असे नियम आहेत. मात्र पाण्याचे तापमान वाढल्यास व सांडपाण्यामुळे तळाशी ऑक्सिजन घटल्यास केवळ मासेमारीचे नियम पुरे पडत नाहीत. वरचे पाणी फार उबदार व खालचे प्राणवायूविना, अशा स्थितीत उन्हाळ्यात माशाला राहण्याजोगा थर अरुंद होत जातो. या माशाचे रक्षण करणे म्हणजे संपूर्ण सरोवर व त्याला मिळणारे पाणी राखणे होय.