अकरा मारुती, दहा देश आणि दोन वर्षांचं लेकरू

कराड, पाटण, वाळवा, खानापूर या पट्ट्यातली अनेक घरं आता दोन ठिकाणी नांदतात. वडीलधारी माणसं उंब्रजसारख्या गावात, तर शिकून नोकरीला लागलेला मुलगा-सून किंवा मुलगी-जावई जर्मनीत, नेदरलँड्समध्ये, स्वित्झर्लंडमध्ये. तिकडे संसार लागतो, मूल होतं, ते चालायला लागतं आणि मग दर सुट्टीला एकच प्रश्न उभा राहतो: एवढं युरोपात राहतोय, तर लेकराला घेऊन फिरायचं की ते कळतं होईपर्यंत थांबायचं? फोनवर दोन उत्तरं ठरलेली असतात. एक म्हणतं, पोराचे हाल करू नका, थांबा. दुसरं म्हणतं, काही होत नाही, उचला आणि चला. माझ्या मते दोन्ही उत्तरं अर्धी आहेत. जावं, जरूर जावं. पण प्रवासाचं माप मुलाच्या दिवसाचं असावं, नकाशाचं नव्हे. लहान मुलाचा प्रवास अंतरानं बिघडत नाही, परमुलखानं तर अजिबात नाही. तो बिघडतो मोजदादीनं.

हे समजायला युरोपात जायचीही गरज नाही, उंब्रज पुरेसं आहे. तारळी जिथे कृष्णेला मिळते, त्या परिसरात समर्थ रामदासांनी सतराव्या शतकाच्या मध्याला स्थापन केलेल्या अकरा मारुतींपैकी एक मारुती आहे. शहापूर, मसूर, उंब्रज, चाफळचे दोन, शिंगणवाडी आणि माजगाव हे सात कराड-पाटणच्या टापूत, शिराळा आणि बहे सांगली जिल्ह्यात, मनपाडळे आणि पारगाव कोल्हापूर जिल्ह्यात. पहाटे गाडी काढून रात्रीपर्यंत अकराही मारुती ‘करणारी’ कुटुंबं दरवर्षी या रस्त्यांवर दिसतात. मोठ्यांना ते जमतं आणि त्यात समाधानही असतं. गाडीत दोन वर्षांचं मूल असेल तर मात्र त्या दिवसाचं स्वरूप नीट पाहावं. अकरा वेळा त्याला उतरवायचं, अकरा वेळा पुन्हा बसवायचं. नुकता डोळा लागलेला असताना उचलायचं आणि खेळायला लागलं की ‘चल चल’ म्हणायचं. चौथ्या-पाचव्या देवळाला ते रडायला लागतं, सातव्याला आई गाडीतच बसून राहते आणि उरलेले मारुती घरातली माणसं पाळीपाळीनं उतरून बघून येतात. तेच कुटुंब सकाळी फक्त चाफळला गेलं तर? देवळासमोर हात जोडून उभा असलेला दास मारुती आणि मागच्या बाजूचा दुसरा मारुती मुलाला निवांत बघता येतो. पायऱ्या दहा वेळा चढून-उतरून होतात, मांड नदीकडे बघत मऊ भात खाऊन होतो आणि दुपारच्या झोपेला घर गाठता येतं. दोन्ही दिवशी मूल तेच आणि मुलूखही तोच. फरक फक्त यादीचा.

युरोपातल्या मराठी कुटुंबाच्या सुट्टीत हीच यादी मोठी होऊन येते. बारा दिवसांत दहा देश, किंवा चार दिवसांत पॅरिस, ब्रुसेल्स आणि ॲमस्टरडॅम. असा दिवस जवळून पाहिला की कळतं, वेळ स्थळांत जात नाही, स्थळांच्या मधल्या कामांत जातो. मूल उठतं, दूध पितं. मग लंगोट, कपडे, मोजे, वरून जाकीट. दाराशी आल्यावर पुन्हा लंगोट. ढकलगाडी उघडायची, तिच्याखाली पाणी, बदलायचे कपडे, ओले रुमाल, खाऊचा डबा आणि पावसाचं प्लास्टिक कोंबायचं. उठल्यापासून रस्त्यावर पाय ठेवेपर्यंत दीड-दोन तास सहज जातात, आणि हॉटेल रोज बदलत असेल तर त्यात सामान भरणंही आलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशीप्रमाणे एक ते दोन वर्षांच्या मुलाला दुपारची धरून दिवसाला ११ ते १४ तास झोप लागते. जेवणं, आंघोळ आणि ही तयारी त्यात मिळवा. नवं काही बघण्यासाठी मूल ताजंतवानं असतं ते सकाळचे दोन-अडीच तास आणि संध्याकाळचा एखादा. या हिशेबात दिवसाला एक जागा बसते, दोन म्हणजे ओढाताण, आणि तीन ठरवली की त्यातली एकही धड होत नाही. म्हणून एका गावात चार-पाच रात्रींचा मुक्काम करावा, तिथून सकाळी एक फेरी मारावी, दुपारी खोलीवर यावं आणि संध्याकाळ जवळच्या बागेत घालवावी.

युरोप अशा प्रवासाला बऱ्याच ठिकाणी साथ देतो. जर्मन रेल्वेत सहा वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही आणि लांब पल्ल्याच्या आयसीई गाड्यांत तान्ह्या मुलांच्या कुटुंबांसाठी वेगळा कप्पा असतो. स्वित्झर्लंडच्या दुमजली गाड्यांत कुटुंबांच्या डब्यात वरच्या मजल्यावर चक्क घसरगुंडी आहे. अनेक शहरांत बसची पायरी फुटपाथच्या पातळीला येते, ढकलगाडी सरळ आत जाते. विमानतळावर बाळाच्या दूध-पेजेला शंभर मिलिलीटरची अट लागू नाही. पण हा खंड सगळीकडे सारखा नाही. पॅरिसच्या जुन्या मेट्रोत बहुतेक स्थानकांवर जिनेच जिने आहेत. १९९८ मध्ये सुरू झालेली चौदा क्रमांकाची मार्गिका त्याला अपवाद. व्हेनिसमध्ये चारशेहून अधिक पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या आहेत. तिथे ढकलगाडी म्हणजे ओझं, मूल झोळीत बांधलेलं बरं. प्रागच्या दगडी रस्त्यांवर चाकं अडखळतात. जर्मनीत रविवारी दुकानं बंद, त्यामुळे लंगोट शनिवारीच आणून ठेवावे लागतात. गाव निवडताना प्रसिद्धीपेक्षा या गोष्टी आधी बघाव्यात. फ्रायबुर्ग, बर्न, उट्रेख्त यांसारखं मध्यम शहर दोन वर्षांच्या मुलाला पॅरिसपेक्षा अधिक देतं, कारण तिथे त्याला रस्त्यावर खाली सोडता येतं.

खाण्याची बाजू तर आपल्या घरांत सगळ्यात नाजूक. मुलाला रोजचा वरणभात लागतो आणि दक्षिण युरोपात कित्येक खाणावळींची संध्याकाळची चूल सातच्या पुढेच पेटते. तोवर मूल झोपायला आलेलं असतं. म्हणून हॉटेलच्या खोलीपेक्षा स्वयंपाकघर असलेलं छोटं घर भाड्यानं घ्यावं. लहान कुकर, तांदूळ, मूगडाळ, हळद-हिंग आणि मेतकुटाची पुडी एवढ्यावर चार दिवस निभतात. उंब्रजहून आजी-आजोबा यायचे असतील तर एक नियम त्यांना आधीच सांगावा: बाहेरच्या देशांतून येणाऱ्या प्रवाशांना युरोपीय संघात दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. साताऱ्याचे कंदी पेढे आणि घरचं तूप विमानतळावर काढून घेतलं जाऊ शकतं. नाचणीचं सत्त्व आणि भाजणी मात्र आणता येते. मऊ खिचडी घरी शिजली की मुलाच्या लेखी ते घर त्याचं होतं आणि परगावची रात्र शांत जाते.

आता आक्षेप. पहिला आक्षेप, मुलाला काहीच आठवणार नाही. खरं आहे, तीन वर्षांच्या आधीचं मोठेपणी फारसं आठवत नाही, हे मानसशास्त्रही मान्य करतं. पण या आक्षेपानं प्रवास चूक ठरत नाही, यादी चूक ठरते. आयफेल टॉवर आठवणार नसेल, तर त्यासाठी मुलाला दोन तास रांगेत उभं करण्यात अर्थ नाही. त्या वयात मुलाला मिळतं ते वेगळंच असतं. आई-बाप दोघंही दिवसभर हाताशी असतात, नवं पाणी, नवी वाळू, नवे आवाज भेटतात, अनोळखी माणसाला हात हलवायचा धीर येतो. याचा उपयोग आठवणीत राहण्यावर अवलंबून नाही, जसा त्या वयातल्या अंगाईचा नसतो.

दुसरा आक्षेप पैशांचा आणि संधीचा: एवढा खर्च करून जायचं, मग सगळं बघूनच यावं. भारतातून एकदाच सहलीला येणाऱ्याच्या तोंडी हे शोभतं. तिथे राहणाऱ्याची गोष्ट वेगळी. शेंगेन क्षेत्रातल्या एका देशाचा निवासी परवाना हातात असला की इतर शेंगेन देशांत दर १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत वेगळ्या व्हिसाशिवाय जाता येतं. राहिलेलं गाव पुढच्या सुट्टीला तिथेच असतं. उलट, थांबण्याचीच किंमत मोठी आहे. दोन वर्षांखालचं मूल विमानात मांडीवर, प्रौढ भाड्याच्या थोड्याशा हिश्शात येतं. नेदरलँड्समध्ये पाचव्या आणि जर्मनीत साधारण सहाव्या वर्षी शाळा सक्तीची होते, आणि शाळा चालू असताना मुलाला सहलीला नेलं तर पालकांना दंड होऊ शकतो. एकदा शाळा लागली की सगळ्यांसोबत, गर्दीत आणि महागाच्या दिवसांतच निघावं लागतं. मे किंवा सप्टेंबरात निवांत निघायची मोकळीक शाळेआधीच्या या चार-पाच वर्षांपुरतीच असते. अडचण खरी येते ती आजी-आजोबांची. त्यांना नव्वद दिवसांचाच व्हिसा मिळतो आणि पुन्हा येणं होईल की नाही याची खात्री नसते. त्यांच्यासाठी मोठी यादी करावी, पण ती त्या दोघांनी आणि मुलाच्या एका पालकानं पुरी करावी. दुसऱ्यानं मुलाजवळ मागं राहावं आणि दुसऱ्या दिवशी पाळी बदलावी. सगळ्यांनी सगळीकडे एकत्रच जायला हवं, या हट्टानंच तीन पिढ्यांच्या सहली थकतात.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. आपल्या मुलखात बाया पूर्वापार पोरं घेऊन फिरत आल्यात, मग एवढे लाड कशाला? माण, खटाव, फलटणचे मेंढपाळ दिवाळीनंतर मेंढरं घेऊन निघतात, तेव्हा तान्ही मुलं बरोबर असतात, सामानासह घोड्यावर बसून जातात. पण तो प्रवास नीट पाहिला तर तो माझीच बाजू घेतो. मेंढरांच्या चालीनं रोज थोडंसं अंतर, ठरलेल्या ठिकाणी वाडा, तीच चूल, तीच माणसं. घर हलतं, पण घराचा क्रम हलत नाही. ऊसतोडीला कराड-वाळव्याच्या फडांवर येणाऱ्या कुटुंबांचं उदाहरण मात्र इथे देऊ नये. तिथे उसाच्या सरीत झोळीत झोपलेलं मूल पोटासाठी आलेलं असतं, आणि त्याचं सोसणं हे कोणाच्याही चैनीच्या प्रवासाचं समर्थन होऊ शकत नाही. मूल सोसू शकतं, म्हणून त्यानं सोसावंच असं नाही.

हा विचार परदेशात राहणाऱ्यांपुरता ठेवण्यात अर्थ नाही. महाराष्ट्रात एसटीत पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे आणि अनेक स्थानकांवर अंगावर पाजणाऱ्या आईसाठी हिरकणी कक्ष आहेत. लहान मुलाच्या आईला घराबाहेर पडता यावं, याची जाण या व्यवस्थेत आहे. ते कक्ष उघडे आणि स्वच्छ राहतील एवढं आपण मागून घ्यायला हवं. उलट पुणे-बंगळूर महामार्गावर मोटारसायकलच्या टाकीवर मोकळं बसवलेलं दोन वर्षांचं मूल रोज दिसतं. चार वर्षांखालच्या मुलाला पट्टा आणि हेल्मेट हवं, वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा, हा नियम २०२३ पासून लागू आहे. मोटारीत मुलाला पट्ट्यानं बांधणं २०१९ च्या दुरुस्तीनं बंधनकारक झालं. जर्मनीत मुलाच्या खुर्चीशिवाय टॅक्सीत न बसणारं कुटुंब सुट्टीला गावी आलं की त्याच मुलाला पुढच्या सीटवर मांडीवर घेतं. रस्ता कुठलाही असो, मुलाचं हाड तेवढंच कोवळं असतं.

म्हणून येत्या सुट्टीची आखणी करणाऱ्या आई-बाबांना एवढंच सांगावंसं वाटतं: मूल मोठं होईपर्यंत थांबू नका, पण यादी घरी ठेवून निघा. गाव एक, दिवसाला जागा एक, दुपारची झोप ठरल्या वेळी, गाडीत मुलाची खुर्ची आणि रात्री घरचा वरणभात. एवढं सांभाळलंत तर प्राग असो वा चाफळ, लेकरू तुम्हाला कुठेही घेऊन जाऊ देईल.