घाटघरचे दोन तलाव

तुमच्या गावात शेतीपंपाला वीज केव्हा मिळते? आपल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात अनेक शेतकऱ्यांना वर्षानुवर्षे रात्री उठून, बिबट्या-सापाची भीती बाळगत पिकांना पाणी द्यावे लागले आहे. सूर्यप्रकाशापासून केलेली वीज दिवसाच मिळते. म्हणूनच २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. तिच्या पहिल्या प्रकल्पांपैकी एक पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी येथे उभा राहिला.

पण संध्याकाळचे काय? सूर्य मावळतो आणि नेमके तेव्हाच घरोघरी दिवे लागतात. वीजकेंद्रांना गावांशी जोडणारे तारांचे जाळे, म्हणजे ग्रिड, वीज साठवून ठेवत नाही. ज्या क्षणी जेवढी वीज वापरली जाते, त्याच क्षणी तेवढी निर्माण व्हावी लागते. निर्मिती कमी पडली की जनित्रांची गती मंदावते आणि सेकंदाला ५० आवर्तने ही विजेची वारंवारता घसरू लागते. ती फार घसरली, तर काही भागांचा पुरवठा तोडावा लागतो.

यावर उपाय दोन. पहिला, जाळे मोठे करणे. एका जिल्ह्यावर ढग असले तरी दुसरीकडे ऊन असते. ३१ डिसेंबर २०१३ रोजी सोलापूर-रायचूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेचे जाळे उरलेल्या देशाशी एक झाले. एवढा प्रचंड दाब कशासाठी? तेवढीच शक्ती पाठवताना दाब दुप्पट केला, तर प्रवाह निम्मा होतो. तारेत उष्णतेच्या रूपाने होणारा ऱ्हास प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने तो एक-चतुर्थांशावर येतो.

दुसरा उपाय साठवणीचा, आणि तो आपल्याच जिल्ह्यात आहे. अकोले तालुक्यात सह्याद्रीच्या माथ्यावर घाटघरचा वरचा तलाव आहे. खालचा तलाव कोकणात, शहापूर तालुक्यातील चोंढे येथे आहे. दोहोंमध्ये, डोंगराच्या पोटात, वीजगृह आहे. जास्तीची वीज असली की पाणी वर चढवायचे. मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून टर्बाइन फिरवायचे. यालाच उदंचन जलविद्युत म्हणतात. २००८ साली सुरू झालेल्या या प्रकल्पाची क्षमता २५० मेगावॉट आहे. अशा योजनांत चार युनिटे खर्चून साधारण तीन युनिटे परत मिळतात.

मग हा तोट्याचा व्यवहार का करायचा? कारण दुपारच्या जास्तीच्या युनिटाला गिऱ्हाईक नसते आणि संध्याकाळचे युनिट मिळत नसते. पूर्वी पाणी वर चढवायला मध्यरात्रीची शिल्लक वीज सोयीची होती. आता दुपारची सौरवीजही त्या कामी येऊ शकते. मात्र धुळे जिल्ह्यात साक्रीच्या माळावर तयार झालेली वीज घाटघरपर्यंत न्यायची, तर मधल्या वाहिन्या आणि रोहित्रे तेवढा भार पेलणारी हवीत. सौरपट्ट्या वाढवल्या आणि तारा तेवढ्याच राहिल्या, तर भर दुपारी सौरकेंद्रे बंद ठेवण्याची पाळी येते.

आता एक गणित करा. १००० लिटर पाणी ४०० मीटर उंचीवरून पडले, तर वस्तुमान × गुरुत्वत्वरण × उंची या सूत्राने सुमारे ३९ लाख ज्यूल, म्हणजे एका युनिटाहून किंचित अधिक ऊर्जा मिळते. तुमच्या गच्चीवर, १० मीटर उंचीवर, १००० लिटरची टाकी असेल, तर तिच्यातील सर्व ऊर्जा वापरूनही १० वॉटचा दिवा किती वेळ जळेल? उत्तर काढलेत की वीज साठवायला सह्याद्रीचा कडाच का निवडला, ते तुम्हीच सांगाल.