चेंडू एक, चहा वेगळा

१ जानेवारीला नगरकडून विजयस्तंभाच्या अभिवादनासाठी निघालेले आपले बांधव शिक्रापूरवरूनच पुढे जातात. चाकणचा रस्ता याच ठिकाणी मिळतो. सणसवाडी, रांजणगावचे कारखाने आले, जमिनीला सोन्याचा भाव आला. मोकळी जागा मात्र आक्रसत गेली. मग वस्तीतल्या मुलांनी खेळायचे कुठे? हा प्रश्न आम्ही क्षुल्लक मानत नाही.

याच जिल्ह्यातला इतिहास पाहा. चर्मकार समाजातील पालवणकर बाळू एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यातील गोऱ्यांच्या क्लबात महिना ४ रुपयांवर खेळपट्टीवर रोलर फिरवीत, जाळी बांधीत. साहेबांना सराव हवा म्हणून त्यांच्या हाती चेंडू आला. तासन्‌तास गोलंदाजी करायची; बॅट धरायची संधी जवळजवळ नाहीच! पुढे साहेबांना हरवायचे म्हणून हिंदू क्लबाने त्यांना संघात घेतले. मैदानात सर्वांचा चेंडू एकच, चहाच्या वेळी मात्र बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात चहा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. तरीही चौरंगी सामन्यांत हिंदू संघाचे रीतसर कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. १९२० मध्ये धाकटे बंधू विठ्ठल यांना डावलले, तेव्हा भावांनी संघातून माघार घेऊन जाहीर निषेध केला. १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदू संघ जिंकला.

म्हणजे गुणवत्ता होतीच. दार उघडले ते दुसऱ्याच्या गरजेपुरते. उरलेले भांडून उघडावे लागले.

आज मातीचे भांडे कोणी देत नाही. पण पाळीवरून सुटलेल्या कामगाराला मैदान बंद दिसते. दहावीतली मुलगी कबड्डी सोडते. तिला पाणी भरायचे असते आणि अंधार पडल्यावर घरचे पाठवत नाहीत. (दोष तिच्या अंगी शोधणारे आपल्यातही आहेत!) कुबडी घेऊन चालणाऱ्या मुलाला तर तू गुण मोज म्हणतात. पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात जायबंदी झाले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक जिंकून आले, हे त्या मुलाला कोणी सांगितले आहे का?

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेला क्रीडांगण आवश्यक ठरवले आहे. तेव्हा पुढच्या ग्रामसभेत, विशेषतः भगिनींनी, उभे राहून विचारावे : शाळा सुटल्यावर मैदानाची किल्ली कोणाकडे असते? दिवा कधी लागणार? मुलींचे स्वच्छतागृह उघडे राहते का? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावे.