बोत उन्हात वाळतो, गरम पाण्यात का विरघळतो?

मंडळी, जिलेटिन म्हटलं की आपल्याला जेली आठवते, नाहीतर औषधाची कॅप्सूल. पण आज करंज्यात बोलतोय, तर तुमच्या ओळखीच्या वस्तूपासूनच सुरुवात करू. घोळ माशाचा बोत. माशाच्या पोटातली ही हवेची पिशवी, वाळवली की तिला पैसा येतो. हाच बोत ओला असताना गरम पाण्यात टाकला तर आकसतो, चिकट होतो, शेवटी त्याचा डिंकासारखा रस होतो. उन्हातही उष्णता, पाण्यातही उष्णता. मग फरक कुठे पडला?

बोत मुख्यतः कोलॅजन या प्रथिनाचा बनलेला असतो. तीन पदरी दोर डोळ्यासमोर आणा. कोलॅजनच्या रेणूत तीन लांब साखळ्या अशाच एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. ही तीन पदरांची रचना १९५४ साली मद्रास विद्यापीठातून जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी मांडली. पीळ धरून ठेवतात ते हायड्रोजन बंध. एकेक बंध कमजोर, पण असतात भरपूर.

ओलं कोलॅजन तापवलं की साखळ्या जोरात हलायला लागतात, बंध तुटतात, मोकळ्या जागी पाणी शिरतं आणि पीळ उलगडतो. सुट्या झालेल्या या साखळ्या म्हणजेच जिलेटिन. गुरांच्या ओल्या कातड्याचं कोलॅजन साधारण ६० ते ६५ अंश सेल्सिअसला आकसतं. माशांचं त्याच्या आधीच. थंड समुद्रातल्या कॉडचं तर ४० च्या आसपास.

आता वाळवण्याकडे या. पाणी निघून गेलं की साखळ्या जवळ येतात, एकमेकींना घट्ट धरतात, त्यांना हलायला जागाच राहत नाही. म्हणून पूर्ण कोरडं कोलॅजन १०० अंशांच्या वरही आपला पीळ सोडत नाही. म्हणजे नुसती उष्णता पीळ मोडत नाही. उष्णता आणि पाणी दोघं मिळून मोडतात.

मग ओला बोत उन्हात कसा टिकतो? माठातलं पाणी गार का राहतं, तेच कारण. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं. पण त्यासाठी चारी बाजूंनी वारा लागतो. टांगलेल्या बोताला तो मिळतो. भर दुपारी तापलेल्या पत्र्यावर ओला बोत पसरला, तर खालून चटका बसतो आणि खालच्या पाण्याला बाहेर पडायला वाट नसते. तिथे वाळण्याआधी शिजण्याचा धोका.

जिलेटिन तयार झाल्यावरही हाच नियम चालतो. रात्रीचं माशाचं कालवण सकाळी फ्रिजमधून काढलं की थरथरतं, बघितलंय ना? गार होताना सुट्या साखळ्या जागोजागी पुन्हा पीळ घेतात, पण थोडाच. मूळचा दोर काही परत होत नाही. जिलेटिन गार ठेवून वाळवलं तर हा अर्धामुर्धा पीळ त्यात टिकतो. गरम ठेवून वाळवलं तर साखळ्या गुंत्यातच थिजतात. म्हणून कारखान्यात सुरुवातीला कोमट हवा सोडतात आणि माल सुकत जाईल तशी ती वाढवतात.

कोरडं जिलेटिन १०० अंशांच्या वर बराच वेळ तापवलं, तर आणखी एक गंमत होते. साखळ्यांमध्ये नवे पक्के बंध तयार होतात आणि ते गरम पाण्यातही नीट विरघळत नाही. उष्णता तीच, ओल्याला ती सोडवते, कोरड्याला बांधते.

एक दादा विचारतायत, वाळलेला बोत बिघडलाय का हे घरी कसं कळेल? छोटा तुकडा कोमट पाण्यात ठेवा. चांगला असेल तर फुगेल, मऊ होईल, पण अख्खा राहील. पाणी चिकट होऊन तुकडा विरायला लागला, तर समजा, पीळ वाळवतानाच सुटला होता.

तेव्हा लक्षात ठेवायचं एवढंच: आधी वारा, मग ऊन.