उतारा आणि घड्याळ

“मावशी, उतारा मला समजला गं. पण समजेपर्यंत वेळच संपला!” असं म्हणून माझी भाची स्वयंपाकघरात पाटावर बसली ती उठेचना. नालासोपाऱ्यात दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली, मग बी.कॉम. केलेली पोर. एमबीएच्या सीईटीची तयारी चालली होती. क्लासच्या सराव परीक्षेत एका इंग्रजी उताऱ्यावर तिने तब्बल ११ मिनिटं घालवली. त्याची पाचपैकी चार उत्तरं बरोबर आली, पण पेपरातले शेवटचे तीसेक प्रश्न तिने उघडलेसुद्धा नव्हते.

आता हिशेब बघा. ही सीईटी महाराष्ट्र राज्याचा सीईटी कक्ष घेतो. १५० मिनिटांत २०० प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला ४५ सेकंद. त्यातले ५० प्रश्न इंग्रजी भाषेचे आणि उताऱ्यांचे. उताऱ्याखाली पाच प्रश्न असले, तर वाचणं आणि उत्तरं देणं मिळून वाट्याला येतात पावणेचार मिनिटं. तीनशे शब्दांचा उतारा मिनिटाला दीडशेच्या चालीने वाचला, तर त्यातली दोन मिनिटं वाचण्यातच जातात. उरलेल्या वेळात पाच प्रश्न. आमच्या बाईंनी त्याच्या तिप्पट वेळ घेतला होता.

आयआयएमसाठी द्याव्या लागणाऱ्या कॅट परीक्षेत निदान घंटा वाजते. २०२० साली ती परीक्षा तीन तासांवरून दोन तासांवर आली आणि प्रत्येक विभागाला ४० मिनिटं मिळू लागली. वेळ झाली की तो विभाग आपोआप बंद होतो. सीईटीत मात्र सगळं एकाच गाठोड्यात असतं. कुठे थांबायचं ते आपलं आपणच ठरवायचं, आणि नेमकं तेच आपल्या मुलींना जड जातं.

बरं, हे दुखणं फक्त एमबीएवाल्यांचं राहिलेलं नाही. २०२४ पासून बीएमएस, बीबीए, बीसीएलाही सीईटी आली. त्यात ९० मिनिटांत १०० प्रश्न. कायद्याला जाणाऱ्या मुलींची क्लॅट तर २०२० पासून उताऱ्यांवरच चालते. म्हणजे बारावीची पोरगी घरात असेल, तर हे घड्याळ आज ना उद्या तुमच्याही घरात टिकटिकणार.

क्लासने सल्ला दिला, वाचनाचा वेग वाढव. भाचीने आठवडाभर डोळे पळवून पाहिले. डोळे पळाले, पण डोक्यात काही राहीना. मग मीच एका रविवारी मोबाइलवर वेळ लावून तिच्याशेजारी बसले. मला इंग्रजी फार येतं अशातला भाग नाही, पण ती काय करते ते तर दिसत होतं! पहिलं वाचन तिने अडीच मिनिटांत संपवलं, म्हणजे वेग काही इतका वाईट नव्हता. बाकीचा सगळा वेळ गेला मागे जाण्यात. प्रत्येक प्रश्नाला बाई उताऱ्याच्या पहिल्या ओळीपासून सुरुवात करायच्या. त्यात एखादा शब्द अडला की मनातल्या मनात त्याचं मराठी करत बसायच्या.

तिची आई, म्हणजे माझी ताई, तिथेच भाजी निवडत होती. सातवीपर्यंत शिकलेली. “कसला उतारा? सातबाराचा?” तिने विचारलं. आम्ही दोघी हसलो, पण ताईने पुढे जे सांगितलं ते मला कुठल्याच क्लासच्या पुस्तकात सापडलं नाही.

आगाशीच्या वाडीच्या वाटणीत ताईने वर्षानुवर्षं सातबारे हाताळलेत. ती म्हणाली, “मी काय तो कागद वरून खालपर्यंत पाठ करते होय? नाव कुठे असतं, क्षेत्र कुठे, बोजा कुठल्या रकान्यात, ते माहीत असतं. कोणी काही विचारलं की बोट तिथेच जातं.”

त्या दिवसापासून भाचीचं वाचन बदललं. इंग्रजी उताऱ्याला रकाने नसतात, ते आपणच आखायचे. एक परिच्छेद संपला की कच्च्या कागदावर दोन-तीन शब्द लिहायचे, तेही मराठीत. समजा, उतारा खारफुटीवर आहे. पहिल्या परिच्छेदापुढे ‘लोकांना पडीक वाटते’, दुसऱ्यापुढे ‘मासे, किनारा वाचतो’, तिसऱ्यापुढे ‘लेखक : कायदा अपुरा’. झाला सातबारा! लेखकाचं मत विचारलं की नजर थेट तिसऱ्यावर. लिहिण्यात दहा-पंधरा सेकंद जातात खरे, पण मागे जाण्याचे हेलपाटे वाचतात. अडलेल्या शब्दावर प्रश्नच नसेल, तर तो तसाच ओलांडायचा.

दुसरी खूण ‘पण’ची. मुलगी सासरहून फोनवर म्हणते, “सगळं छान आहे गं, पण...” की आपण आई लोक कान टवकारतो. खरं बोलणं ‘पण’च्या पुढेच असतं. इंग्रजी उताऱ्यातही ‘बट’, ‘हाउएव्हर’, ‘यट’ आलं की चाल हळू करायची. बाकीच्या उदाहरणांवरून नजर सरकवली तरी चालते.

आधी प्रश्न वाचून मग उतारा वाचावा, असं बरेच जण सांगतात. मला ते सरसकट पटत नाही. इंग्रजीतले पाच प्रश्न डोक्यात धरून मराठी माध्यमातल्या मुलीने उतारा वाचायचा, म्हणजे डोक्यावर हंडा, काखेत कळशी आणि वर रस्ताही ओळखायचा. प्रश्न कशाबद्दल आहेत एवढी ओझरती नजर पुरे. पर्याय तर आधी वाचूच नयेत.

सगळ्यात अवघड गेलं ते सोडणं. आपण मुलींना लहानपणापासून ‘ताटात टाकायचं नाही’ असं शिकवतो ना? पोरगी उताराही टाकेना! पहिल्या चार ओळींत काहीच हाती लागलं नाही, की तो बाजूला ठेवून पुढचा घ्यायचा, हे तिच्या गळी उतरवायला दोन महिने लागले. दोन पर्यायांत अडकली तरी तेच. वीस सेकंद विचार करायचा, एक धरायचा आणि पुढे चालायचं. या सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून शेवटच्या दोन मिनिटांत सोडलेल्या प्रश्नांनाही काही ना काही टिचकी मारून यायचं. कॅटमध्ये मात्र असं करू नका. तिथे पर्याय असलेल्या प्रश्नाचं उत्तर चुकलं की एक गुण जातो.

सराव कुठे करायचा हाही प्रश्नच होता. घरी ती घड्याळ लावून बसली की नेमकी नळाला पाणी यायची वेळ! “अगं, पिंप भर” अशी हाक तिलाच. तिचा भाऊ त्याच खोलीत मोबाइल बघत असायचा, त्याला कोणी हाक मारत नव्हतं. हे मी ताईला बोलून दाखवलं तेव्हा ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी पिंप मुलाने भरलं. वीस मिनिटं सलग, कोणी हाक मारायची नाही, असा घरात नियमच झाला.

उरलेला सराव लोकलच्या लेडीज डब्यात व्हायचा. नालासोपाऱ्याला बसायला कुठली मिळतेय जागा! पण दोन स्टेशनांमधली चार-पाच मिनिटं तिने धरून ठेवली. वसई ते नायगाव एक उतारा. नायगाव ते भाईंदर दुसरा, हा जरा लांबलचक, कारण मध्ये खाडीचा पूल. भाईंदरच्या फलाटाला गाडी लागली की उतारा अर्धा असला तरी बंद. डब्यात भांडणं चालू, भजन चालू, कानातलेवाली पुढ्यात उभी. परीक्षेच्या हॉलमध्ये शेजारचीच्या माउसची टकटक तिला मग जाणवलीसुद्धा नाही म्हणे.

रात्री जेवणं झाली की ताई विचारायची, “आजच्या उताऱ्यात काय होतं?” दोन वाक्यांत सांगायचं, मराठीत. तिसरं वाक्य सुरू झालं की ताई म्हणायची, “म्हणजे तुला कळलं नाही.” सातवी शिकलेल्या आईने एमबीएच्या सीईटीची तयारी अशी करून घेतली.

परीक्षा देऊन भाची संध्याकाळी परत आली, तेव्हा मी ताईकडेच होते. पेपर कसा गेला, असं काही ताईने विचारलंच नाही.

“किती उतारे सोडलेस?”

“एक.”

“बरं. हातपाय धू, चहा टाकते.”